शिवकन्येच्या गाडीचा दुसरा गिअर

गुरांचा डॉक्टर मोटारीला तब्येतीचा दाखला देऊ शकतो, हे मला यंदाच्या माघ महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. आता तसा दाखला माझ्याकडे आहे. रंग पांढरा, अंगावर जखम नाही, ताप नाही, पळण्यास योग्य. खाली सही आणि शिक्का. माझ्यासारख्या सरळ माणसावर ही वेळ का आली, ते सांगतो.

याच्या मुळाशी नागनाथ आहे. नागनाथ माझा शेजारी. परभणीत त्याचं बियाण्याचं दुकान होतं. आता दुकान मुलगा बघतो आणि नागनाथ गल्ली बघतो. गल्लीत कोणाच्या नळाला पाणी कमी येतं, कोणाचा जावई रुसलाय, हे त्याला त्या घरातल्यांच्या आधी कळतं. माणूस वाईट नाही. फक्त मोकळा आहे, आणि मोकळ्या माणसाला दुसऱ्याची काळजी फार वाटते.

त्याला माझी काळजी वाटत होती, ती गाडीमुळे. माझी बायको शिवकन्या बोरीकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. डावा गुडघा दुखायला लागला तेव्हा तिनं ऑटोमेटिक गाडी घेतली. तिला क्लच नसतो, म्हणजे डाव्या पायाला काम नसतं. गिअर गाडी स्वतःच टाकते. त्या गाडीनं ती झरीवरून रोज जायची यायची. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ती आजारी पडली आणि गेली. त्यावर मी जास्त लिहीत नाही, कारण मला ते लिहिता येत नाही. ती गेली आणि गाडी दारात राहिली.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. त्यामुळे लोकांना वाटतं मला गाड्यांतलं कळतं. मी सगळी नोकरी खिडकीत बसून गाड्या सोडल्या, एकही चालवली नाही. चारचाकीचा परवाना मात्र माझ्याकडे होता आणि तो मी वेळच्या वेळी नवा करून घेत होतो. गाडी चालवता येते पण परवाना नाही, अशी माणसं आपल्याकडे ढिगानं आहेत. माझं उलट होतं. कोणीतरी तोल सांभाळायला पाहिजे.

शिवकन्या गेल्यावर मी रोज सकाळी गाडीत बसून पेपर वाचायला लागलो. बॅटरी उतरू नये म्हणून चालू करून बसतो, असं मी सांगत असे. सीट तिच्या उंचीची, पार पुढं ओढलेली. माझे गुडघे स्टेअरिंगला टेकायचे आणि पेपर उघडता यायचा नाही. मग मी त्याच्या घड्या घालून एकेक तुकडा वाचायचो. सीटखाली दांडी असते, ती ओढली की सीट मागं जाते. हे मला गल्लीतल्या प्रत्येकानं एकदा तरी येऊन सांगितलं. मी हो म्हणायचो आणि तसाच बसायचो.

समोरच्या पंचफुलाबाईंनी हे फोन करून नाशिकला माझ्या मुलीला कळवलं. अर्पिताचा फोन आला. "बाबा, गाडी विकून टाका." मी म्हटलं, बघू. "बघू नाही, विका. तुम्ही त्यात बसून राहता, ते मला इथं झोप येऊ देत नाही."

नागनाथनं लगेच गिऱ्हाईक आणलं. त्याचा सेलूचा मेहुणा. मेहुण्यानं गाडीला चक्कर मारली, चाकाला लाथ मारली (गाडी घेणारा माणूस चाकाला लाथ का मारतो, हे मला आजवर कळलेलं नाही) आणि विचारलं, "पळती का?"

मी तोंड उघडायच्या आत नागनाथ म्हणाला, "पळत न्हाई. पण तुला कुठं पळवायची हाय? वहिनी बी मुंगीच्या चालीनंच जायच्या. पाळणा हाय पाळणा."

गाडीला पाळणा म्हटलेलं मी सोसलं असतं. पण शिवकन्या मुंगीच्या चालीनं जायची, हे त्यानं तिच्या माघारी, तिच्याच गाडीवर हात ठेवून म्हणावं, हे मला लागलं. खरं म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं. मी शेजारी बसलो की ती इतकी सावकाश चालवायची की सायकलवाले आम्हाला रस्ता मागायचे. तरीही माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या गाडीपेक्षा पळती."

"माझ्या?" नागनाथ हसला. "मग उतरव की पटात."

इथं पट म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्याकडे जत्रेत शंकरपट भरतो. बैलजोडी सरळ पट्टीवर पळवायची. सुरुवातीला एक दोरा ताणलेला असतो आणि शेवटी एक. पहिला तुटला की घड्याळ चालू, दुसरा तुटला की बंद. झरीच्या पुढं एका गावात यंदा बैलांच्या पटानंतर गाड्यांचाही पट ठेवला होता, शेजारच्या नव्या, अजून वाहतुकीला न उघडलेल्या रस्त्यावर. दोरा तोच, घड्याळ तेच. नागनाथनं त्याची डिझेल गाडी आधीच नोंदवली होती.

मेहुण्याच्या साक्षीनं ठरलं. माझ्या गाडीला नागनाथच्या गाडीपेक्षा जास्त वेळ लागला, तर गाडी सेलूला जाणार. कमी लागला, तर विकायचा विषय गल्लीत कोणी पुन्हा काढायचा नाही. मेहुणा जाताना चाकाला आणखी एक लाथ मारून गेला. या वेळी जरा प्रेमानं.

मग मला आठवलं की मला गाडी चालवता येत नाही.

कृषी विद्यापीठाकडच्या मोकळ्या रस्त्यावर मी पहाटे सराव सुरू केला. ऑटोमेटिक गाडी चालवणं सोपं असतं असं म्हणतात. आहेही. दोन पायांचं काम एका पायाला, आणि तो पाय रिकाम्या रस्त्यावरसुद्धा ब्रेकवर. दोन शेळीवाल्या बायका मला रोज ओलांडून पुढं जायच्या. शेळ्यासुद्धा थांबून बघायच्या.

नागनाथ माझा शत्रू होता, पण सल्ला द्यायचं त्यानं थांबवलं नाही. मैत्री ती मैत्री. एक दिवस तो जीपचे जुने टायर घेऊन आला. "मुंजाजी, हे बसव. चाक मोठं तर मजल मोठी. एका फेऱ्यात जास्त रस्ता. बैलगाडीचं चाक कधी बारीक बघितलंस का?" मला ते पटलं. त्यानंही मोठे टायर आपल्या गाडीला बसवले, म्हणजे त्यात डाव नव्हता. दोघांच्या गाड्या उंच झाल्या. माझी तर निघतानाच धापा टाकायला लागली, आणि वळणावर चाक आतल्या पत्र्याला घासून असा आवाज करी की पंचफुलाबाईंनी दारावर कल्हईवाला आला म्हणून भांडी बाहेर काढली.

म्हणून मी जिंतूर रोडवर अमृतच्या गॅरेजात गेलो. अमृत तरुण पोरगा, शिवकन्येची गाडी तोच बघायचा. त्यानं टायर बघितले आणि खाली बसला.

"काका, हे कोणी सांगितलं?"

"बैलगाडीनं."

"आवं काका, गाडी निघताना तिला जोर लागतो. म्हणून पहिला गिअर वढायचा, वरचे पळायचे. चाक मोठं केलं की सगळेच गिअर जड झाले. सायकलवर चढाला जड गिअर टाकल्यावर कसं व्हतं? तसं. लांबच्या रस्त्याला ठीक हाय. पटाला न्हाई. पट एवढुसा, त्यात सगळा खेळ निघण्याचा."

त्यानं जुने टायर परत बसवले. मी नागनाथला निरोप दिला. नागनाथ म्हणाला, अमृतला बैलगाडीतलं काय कळतं.

अमृतनं मला आणखी एक गोष्ट समजावली. सगळी अडचण तीच झाली, म्हणून नीट सांगतो. पटाचं अंतर असं, की शेवटचा दोरा येतो त्याच सुमाराला दुसरा गिअर संपायला येतो. गाडीनं दुसरा धरून ठेवला, तर दोरा तुटेपर्यंत जोर राहतो. दोऱ्याच्या आधीच तिसरा पडला, तर गाडी एक क्षण थबकते आणि मग जोर निम्मा. "तेवढ्यात पट जातो काका. डोळ्याची पापणी लवती ना, तेवढ्यात."

"मग?"

"मग काय, तुमच्या गिअरच्या दांड्यावर दोनचा आकडा हाय. दांडा दोनवर ठिवा. गाडी वर जाणारच न्हाई."

मी इतका खूश झालो की त्याला चहा पाजला, आणि त्याच खुशीत गावी जाऊन नाव नोंदवलं.

पटाचा सचिव महारुद्र हा नियमाचा माणूस. शाळेच्या वर्गात टेबल टाकून बसला होता. समोर पोलीस परवानगीची प्रत. ती परवानगी शंकरपटाची होती. तिच्यात कलम होतं की भाग घेणाऱ्या प्रत्येकाची पशुवैद्यकाकडून तपासणी करावी.

"पण ही गाडी आहे," मी म्हटलं.

"भाग घ्यायलाय का न्हाई?"

"घेतेय."

"मग प्रत्येकात आली. उद्या वरून कोणी विचारलं तर मी काय दाखवू? परवानगीच रद्द व्हती, बैलांची बी." त्यानं अर्ज पुढं ओढला. "दात किती?"

बैलाचं वय दातावरून धरतात आणि दातावरून गट पडतात. माझ्या मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं मत दिलं की गाडी नवी दिसते, एकही दात पडला नसेल. महारुद्रनं "आदत" असं लिहिलं. म्हणजे माझी गाडी वासरांच्या गटात गेली.

"मालक?"

कागदावर गाडी अजून शिवकन्येच्याच नावावर होती. तसं सांगितलं. महारुद्रनं पेन खाली ठेवलं. नियमात मालक हजर पाहिजे. तो बराच वेळ परवानगीकडं बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "शिवकन्या सिस्टर का? बोरीकडच्या?" मी मान हलवली. त्यानं मालकाच्या रकान्यात तिचंच नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, "हजर". बाकी सगळ्या गोष्टीत मला छळणाऱ्या त्या माणसानं एवढ्या एका ठिकाणी नियम वाकवला. मी त्याला अजून त्याबद्दल बोललो नाही.

पण नागनाथ तिथंच बसला होता, त्यानं तेवढ्यात हरकत घेतली. "महारुद्रभाऊ, माझ्या गाडीत गिअर मी टाकतो. ह्याच्या गाडीत गाडी टाकती. बरं, टाकू द्या. पण ह्यानं दांडा बी हलवायचा आन् गाडीनं बी टाकायचा, हे न्हाई चालणार."

महारुद्रला हे फार आवडलं. त्यानं निकाल दिला, "जोडीला धुरकरी, म्हंजे हाकणारा, एक. दोन धुरकरी बसले की जोडी बाद. गाडी धुरकरी तर गाडीच. दांडा डी वर, आन् नाड्यानं बांधायचा. गाठ समिती मारणार."

डी वर गिअर गाडीच्या मर्जीनं पडतात. म्हणजे दोनचा आकडा गेला.

गुरांच्या डॉक्टरांकडं गेलो तर ते आधी रागावले. मग त्यांनी विचारलं की एकूण किती गाड्या आहेत, आणि उसासा टाकून बाहेर आले. बॉनेटवर पालथा हात ठेवला. "ताप नाही," ते म्हणाले. इंजिन बंद होतं म्हणून. दाखला लिहून दिला आणि वर बजावलं की पळायच्या आधी चारा देऊ नका. सवय असते एकेकाला.

पुन्हा अमृतकडं. तो डोकं खाजवत बसला. मग गाडीत वाकून, स्टेअरिंगच्या खाली एक वायर जोडली आणि हातातल्या यंत्रावर काही बघायला लागला.

"काका, ह्या गाडीत एक पेटी असती. ती चालवणाऱ्याचा पाय शिकती. हळू पाय असला की वरचा गिअर लवकर टाकती, तेल वाचवायला. पाय जोराचा असला की खालचा ताणून धरती. काकू कशा चालवायच्या?"

"हळू."

"मग तेच शिकलेली हाय. पुरता पाय दाबला तर कोणती बी गाडी ताणती, पण तुमचा पाय काही पुरता बसत न्हाई, मी बघितलंय. अर्ध्या पायावर ही तिसरा टाकून मोकळी व्हनार. एक काम करू. पुसून टाकू. दोन मिनिटाचं काम. पेटी कोरी झाली की दुसरा जरा तरी धरंल."

"काय पुसायचं?"

"काकूंची सवय."

त्यानं ते साधेपणानं सांगितलं. मेकॅनिक माणूस, त्याच्या दृष्टीनं ती घाण तेलासारखीच गोष्ट. मी म्हटलं, नंतर सांगतो, वायर काढ.

घरी येऊन गाडीतच बसून राहिलो. माणूस जातं तेव्हा मागं काय उरतं, हे मी त्या महिन्यांत बघितलं होतं. साड्या अर्पिता घेऊन गेली. बीपीचं यंत्र उपकेंद्राचं होतं, ते परत दिलं. मोबाइलचा नंबर काही दिवसांनी बंद झाला, आणि आता म्हणे तो दुसऱ्या कोणाला मिळालाय. आणि आता हा पोरगा सांगत होता की तिचा पाय एका पेटीत आहे. म्हणजे मी ज्या गाडीत बसून पेपर वाचत होतो, त्या गाडीला शिवकन्या ठाऊक होती. ती पाय किती टेकवायची, कधी उचलायची, हे मला कधी कळलं नव्हतं, ते गाडीला कळलं होतं.

पुसलं तर गाडी जिंकण्याची आशा होती, म्हणजे गाडी माझ्याकडे राहणार. पण मग ती कोणती गाडी? शोरूममधली कोणतीही. न पुसलं तर हरणार, आणि तिचा पाय सेलूला जाणार. तिथं मेहुणा त्याला आपली सवय लावणार. मी नोकरीत रोज पेच सोडवले आहेत, एक गाडी दोन फलाटांवर लागलेली असते तेव्हाचे. हा सुटेना.

जत्रेच्या दिवशी सकाळी बैलांचा पट झाला. दुपारी गाड्यांचा. महारुद्रनं स्वतः माझा दांडा डी वर ठेवून लाल नाड्याच्या गाठी मारल्या. एवढ्या, की देवीच्या झाडालासुद्धा कोणी इतका नवस बांधला नसेल. अमृत यंत्र घेऊन आला होता. खिडकीशी वाकला. "काका, अजून बी सांगा. दोन मिनिटं."

"राहू दे," मी म्हटलं.

पलीकडून नागनाथ ओरडला, "अरे येड्या, पुसू दे की त्याला! असं हरवण्यात मला काय मजा हाय?" ते त्यानं मनापासून म्हटलं. मग वळून मेहुण्याला म्हणाला, "किल्ली घ्यायला थांब."

आधी नागनाथ निघाला. मोठ्या टायरवर उंच झालेली गाडी, इंजिन गरजतंय, आणि गाडी काही हलेना. त्यानं अर्धा क्लच धरून ती अक्षरशः ढकलत नेली. करपल्याचा वास लोकांपर्यंत आला. एक बाई म्हणाली, भाकर लागली कुठंतरी. पुढं मात्र त्यानं वेग धरला. दोरा तुटला. घड्याळाच्या पाटीवर अठरा सेकंद आणि वर थोडं. जत्रेत टाळ्या पडल्या. म्हातारं माणूस म्हणून असतील, पण पडल्या.

मग भोंग्यावर माझा पुकारा झाला. तिथं पुकारा मालकाच्या नावानं होतो. "आदत गट. शिवकन्याबाई मुंजाजी, परभणी!"

चार महिन्यांत तिचं नाव असं मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं. घेतलं तर 'कैलासवासी' लावून, किंवा आवाज खाली आणून. हा भोंगेवाला तर असा ओरडला की जणू ती दोऱ्याशी उभी आहे. मला समोरचं नीट दिसेना. अशा वेळी माणसानं गाडी चालवू नये. मी ब्रेक सोडला.

दोरा तुटला. पाय टेकवला, अर्धाच, त्याच्या पुढं मला धीर होईना. गुडघे स्टेअरिंगला लागत होते. पहिला संपला, गाडीनं मान हलवल्यासारखं केलं, दुसरा पडला. आता मी वाट बघत होतो ती तिसऱ्याची, तिच्या सावकाश सवयीची. हरायला मी तयार होतो. फक्त तिसरा पडताना ती लकब कळावी, एकदा पायाखाली जाणवावी, एवढंच मला पाहिजे होतं.

तिसरा पडेना.

इंजिनाचा आवाज चढायला लागला. मी पाय वाढवला नव्हता. गाडी दुसऱ्यावरच ताणत होती, ओरडत होती, दोन्ही बाजूंची माणसं मागं पळत होती, आणि मी तोंडानं काहीतरी बोलत होतो. अमृत नंतर म्हणाला की काका, तुमी स्थानकावरची सूचना देत होता. दोरा आला, तुटून वायपरला गुंडाळला गेला. मग मला ब्रेक आठवला. गाडी रस्ता सोडून कडेच्या ज्वारीत शिरली आणि कणसं काचेवर टेकून उभी राहिली.

पाटीवर सतरा सेकंद आणि थोडं होतं.

सगळ्यात आधी महारुद्र धावत आला. मला लागलं का हे न विचारता त्यानं नाडा तपासला. गाठी जशाच्या तशा. त्यानं तिथंच हात वर करून निकाल दिला. मेहुणा ज्वारीतून चालत आला आणि तसाच परत गेला. चाकाला लाथ मारली नाही.

अमृत मात्र बुचकळ्यात पडला होता. "काका, काकू हळू चालवायच्या म्हणलात ना?"

"हळूच."

"न्हाई काका. ही गाडी हळू चालवलेली न्हाई. अर्ध्या पायाला असा दुसरा धरती म्हणजे हिला लय दिवस कोणीतरी जोरात पळवलंय."

गर्दीतून एक बाई पुढं आली. तानुबाई, शिवकन्येच्या उपकेंद्रातली मदतनीस. तेराव्याला घरी आलेली, म्हणून मी ओळखलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळे पुसत होती.

"साहेब, आज वाटलं सिस्टरच आल्या. अशाच यायच्या. गाडीचा आवाज आला की रस्त्यावरली कुत्री उठून बाजूला व्हायची."

"शिवकन्या?"

"आवं, रात्रीबेरात्री बाळंतीण अडली की दुसऱ्या गाडीची वाट कोण बघणार? मागच्या सीटवर टाकायच्या आन् परभणी. मी मागं बसून देवाचं नाव घ्यायची. एकदा तर म्हणल्या, तानुबाई, डोळे झाकू नको, पेशंट घाबरती."

ती पुढं म्हणाली, "आन् खरं सांगू का? गाडी रिकामी असली तरी तशाच. झरी गेली की मोकळा रस्ता लागतो ना, तिथं तर हसायच्या बी. म्हणायच्या, ह्यांना सांगू नको."

"मला भीत होती का?"

"भीत न्हवत्या हो. तुमी काळजी करता म्हणून."

नागनाथ माझ्या मागं उभा होता. त्याच्या गाडीचा क्लच पार जळला होता, त्याला माझ्याच गाडीतून परत यायचं होतं. एरवी त्याला अशा वेळी काहीतरी बोलायला पाहिजे असतं. या वेळी तो फक्त म्हणाला, "मुंगी म्हणलो मी वहिनीला. माफी असावी." हे तो मला म्हणाला नाही, गाडीला म्हणाला. मग काचेवरची दोन कणसं काढून खिशात टाकली.

ज्वारीवाल्यानं नुकसानीबद्दल काही मागितलं नाही. त्याची सून शिवकन्येच्या हातून बाळंत झाली होती, म्हणे. पण त्यानं तासभर बसवून घेतलं आणि हुरडा खायला घातला, म्हणजे त्याची आणखी ज्वारी गेली.

निघताना अमृतनं एक गोष्ट सांगितली आणि माझी पुन्हा झोप उडवली. "काका, पेटी शिकायची थांबत न्हाई बरं का. आता तुमी चालवणार. पटाच्या सरावानं काही पुसलं न्हाई, पण रोज तुमच्या पायानं चालवली की महिन्या-दोन महिन्यात तुमचा पाय शिकंल. मग ही पण शेळ्यांच्या मागून चालंल."

म्हणजे गाडी दारात उभी ठेवली तर शिवकन्येचा पाय राहतो, पण त्याचा उपयोग काय. आणि चालवली तर जातो. यातून मार्ग एकच होता, आणि तो माझ्या वयाच्या, माझ्या स्वभावाच्या माणसाला शोभणारा नव्हता.

आता मी रोज सकाळी झरीच्या पुढपर्यंत जाऊन येतो. नागनाथ पहिले दोन दिवस बरोबर आला. तिसऱ्या दिवशी त्यानं पोट दुखतं म्हणून सांगितलं, आणि ते अजून दुखतंय. अर्पिताचा फोन येतो, "बाबा, मी गाडी विका म्हटलं होतं, उडवा म्हटलं नव्हतं. हळू चालवा." मी हो म्हणतो. पंचफुलाबाई मी निघताना नातवंडांना घरात घेतात. बैलांच्या डॉक्टरांचा दाखला मी बरोबर ठेवतो, कोणी अडवलं तर असावा म्हणून.

झरी मागं पडली की तो मोकळा रस्ता लागतो. तिथं भीतीनं माझा पाय रोज आपोआप उचलला जातो, आणि गाडी लगेच तिसरा टाकायच्या बेतात येते. ते मला आता कळतं. मी दात आवळतो आणि पाय परत टेकवतो. इंजिन ओरडायला लागतं, हातांना घाम सुटतो, कडेच्या बाभळी भराभर मागं जातात, आणि ती दुसरा गिअर सोडत नाही.